ढाल, औषध आणि तलवार : सामुदायिक डंजनातील भूमिकांचा इतिहास

संगणकाच्या जाळ्यावर खेळल्या जाणाऱ्या भूमिकाखेळांत पाच अपरिचित माणसे एका भुयाराच्या तोंडाशी येऊन उभी राहतात. एक एका शहरातला, दुसरा तेथून हजार मैलांवरचा. नावे सगळ्यांचीच टोपण. कोणी कोणाची विचारपूस करीत नाही, आणि तरीही पुढे कोणी व्हायचे, जखमा कोणी भरून काढायच्या व शत्रूवर हत्यार कोणी चालवायचे, हे अर्ध्या मिनिटात ठरलेले असते. बदलीनिमित्त परप्रांती गेलेल्या आमच्या वाचकांस हा प्रकार अगदीच अनोळखी वाटू नये. नव्या ठिकाणी रुजू होताना आपणही माणसे आधी त्यांच्या खुर्चीवरून ओळखतो. नावे, गावे आणि स्वभाव हे मागाहून कळत जातात. कचेरीतील खुर्च्यांची उतरंड मात्र कित्येक पिढ्यांच्या वहिवाटीने तयार झाली आहे, तर या खेळांतील त्रिविध कामवाटणी पुरत्या चार दशकांतही न मावणाऱ्या लगबगीने, आपल्या डोळ्यांदेखत घडली. पोरखेळ म्हणून तिच्याकडे पाठ फिरवावी, असे आम्हांस वाटत नाही.

प्रथम शब्दाविषयी थोडेसे. 'डंजन' हा इंग्रजी शब्द जुन्या फ्रेंचमधील 'दाँजाँ' या शब्दावरून आला आहे आणि त्याचा मूळ अर्थ गढीतील मुख्य बुरूज, म्हणजे आपल्याकडील बालेकिल्ला, असा होता. इंग्रजीत तो शब्द बुरुजाच्या माथ्यावरून पायरी पायरीने उतरत तळघरातील अंधारकोठडीपर्यंत गेला. शब्दांच्याही पदावनत्या होतात, म्हणावयाच्या! खेळणाऱ्यांनी त्याला आणखी एक अर्थ चिकटविला: राक्षसांनी आणि धनाने भरलेले, एकट्याने उतरू नये असे भुयार.

हा अर्थ रूढ झाला तो 1974 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळामुळे. विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनीव्हा येथील गॅरी गायगॅक्स आणि मिनेसोटातील डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. हा खेळ टेबलाभोवती बसून, कागद, पेन्सिल व फासे घेऊन खेळावयाचा. त्यात एक पंच कथा चालवितो आणि बाकीचे आपापल्या पात्राच्या वतीने बोलतात. आरंभीच्या तीन पुस्तिकांत पात्रांचे वर्ग तीनच होते: लढवय्या, मांत्रिक आणि धर्मगुरू. चोर हा चौथा वर्ग पुढच्या वर्षी, 1975 च्या पुरवणीत आला.

यांपैकी धर्मगुरूची जन्मकथा मोठी मौजेची आहे. आर्नेसनच्या मंडळींत एका खेळाडूने 'सर फँग' नावाचा रक्तपिपासू पिशाच्चनायक चालविला होता. तो इतका प्रबळ झाला की त्याला आवरण्यासाठी दुसऱ्या खेळाडूला पिशाच्चांना पिटाळून लावणारा धर्मोपदेशक बनवावे लागले. म्हणजे ज्याला आज सर्वजण 'उपचार करणारा' म्हणून ओळखतात, त्याचा मूळपुरुष वैद्य नव्हता, बंदोबस्तासाठी नेमलेला माणूस होता. 1974 च्या नियमांत तर पहिल्या पायरीवरील धर्मगुरूला एकही मंत्र येत नसे. तो चिलखत घालून गदा फिरवीत असे. जखमा बऱ्या करण्याचा मंत्र त्याच्या वाट्याला पुढच्या पायरीवर येई. पुढे त्याच मंत्राने त्याची बाकी सगळी ओळख गिळून टाकली. एखाद्या हुशार कारकुनाला अमुक एक फाईल सांभाळता येते असे एकदा कळले, की निवृत्तीपर्यंत ती त्याच्याच मेजावर राहते, तसेच काहीसे.

तथापि या टेबलावरच्या खेळात भूमिका सैल होत्या, आणि त्याचे कारण पंच हा माणूस होता, हे होय. लढवय्या पुढे चाले, कारण भुयाराची वाट अरुंद असे आणि चिलखत त्याच्याच अंगावर असे. मांत्रिक मागे राही, कारण त्याचे शरीर नाजूक. राक्षसाने कोणावर झडप घालावी हे मात्र पंच प्रसंग पाहून ठरवी. राक्षस चतुर असेल तर तो लढवय्याला वळसा घालून मांत्रिकाला गाठी. मूर्ख असेल तर समोर दिसेल त्याच्यावर धावे. 'राक्षसाने मलाच मारले पाहिजे' असा हक्क कोणालाही नव्हता.

पंचाची जागा यंत्राने घेतली तेव्हा खरा पालट झाला. इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात 1978 साली रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने अनेकांना एकाच वेळी खेळता येईल असा शब्दमय खेळ संगणकावर रचला आणि रिचर्ड बार्टल याने तो पुढे नेला. त्याचे नाव 'मड'. त्यात वर्ग नव्हते. जो तो गुण मिळवीत पायऱ्या चढे आणि अखेर जादूगारपदास पोहोचे. सहकारी असे, पण सहकार्याची सक्ती नसे. बार्टलने 1996 साली एक निबंध लिहून अशा खेळांतील खेळाडूंचे चार स्वभाव सांगितले: यश मिळविणारे, शोध घेणारे, स्नेह जोडणारे आणि इतरांवर वार करणारे. हा निबंध पुढे फार गाजला. त्याचे वर्गीकरण माणसांच्या हेतूंचे आहे, कामांचे नाही, हे येथे ध्यानात ठेवावयास हवे. कारण एकाच कामाच्या खुर्चीवर चारही स्वभावांची माणसे येऊन बसतात आणि गटातले बहुतेक तंटे तेथूनच उपजतात.

कामांचे वर्गीकरण आले ते डेन्मार्कहून. कोपनहेगन विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागातील पाच विद्यार्थ्यांनी 1990 साली एक नवा मड लिहावयास घेतला आणि 1991 मध्ये त्याचा मूळ आज्ञासंग्रह सर्वांस खुला केला. विभागाच्या डॅनिश नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला 'डिकूमड' म्हणतात. त्यात लढवय्या, मांत्रिक, धर्मगुरू आणि चोर हे चारही जुने वर्ग होते. येथे यंत्रापुढे एक अगदी कोरडा प्रश्न उभा राहिला: गटात चार माणसे आहेत, राक्षस एक आहे, त्याने वार कोणावर करावा? पंचाला जे सहज सुचे ते यंत्राला नियम करून सांगावे लागते. राक्षस एकाशी भिडला की त्याच्याशीच लढत राहील, असा साधा नियम झाला. आणि लढवय्याला 'रेस्क्यू' नावाची एक आज्ञा मिळाली, जिच्या योगे मार खाणाऱ्या सोबत्याला मागे सारून त्याच्या जागी त्याला स्वतः उभे राहता येई.

या एका आज्ञेत पुढचा सगळा इतिहास बीजरूपाने होता, असे म्हणावयास आम्हांस संकोच वाटत नाही. मार कोणी खावा हे जर ठरविता येते, तर तो एकानेच खावा हे ओघाने आले. एकानेच खायचा तर त्याच्यावर सगळे चिलखत चढवावे, आणि जखमा भरणाऱ्याने आपली सर्व शक्ती त्याच्याचपाशी खर्चावी, हेही आले. उरलेल्यांना मग शत्रू लवकरात लवकर पाडण्यापलीकडे काम उरत नाही. या पुढच्या माणसाला खेळाडू 'टँक', म्हणजे रणगाडा, म्हणू लागले. रणगाड्याचे काम मारण्याचे आहे. या टँकचे काम मार सोसण्याचे. मराठीत 'ढाल' हा शब्द अधिक न्याय्य ठरला असता. टँक, हीलर आणि डॅमेज ही वाटणी कोणा शास्त्रकाराने योजिलेली नसून राक्षसाला अक्कल शिकविता न आल्यामुळे जन्मास आली, हे मात्र विसरू नये.

अमेरिकेत 16 मार्च 1999 रोजी सुरू झालेला 'एव्हरक्वेस्ट' हा डिकूमडचाच मानसपुत्र. तो चित्रमय होता, त्रिमित होता, आणि त्याच्या एका जगात एकाच वेळी हजारो माणसे वावरत. पण त्याचा सांगाडा इतका ओळखीचा होता की, आपण डिकूमडचा आज्ञासंग्रह वापरलेला नाही असे प्रतिज्ञापूर्वक लिहून देण्याची पाळी 2000 साली त्याच्या कर्त्यांवर आली. येथे गट सहा जणांचा असे. प्रत्येक राक्षसापाशी द्वेषाची एक यादी असे: कोणी किती घाव घातले, कोणी कोणाला बरे केले, याची तो नोंद ठेवी आणि यादीत जो अग्रस्थानी असेल त्याच्यावर चालून जाई. लढवय्यापाशी 'टाँट', म्हणजे डिवचण्याची, विद्या होती. तिने तो आपले नाव यादीच्या माथ्यावर नेऊन ठेवी.

ज्याला खेळाडू 'होली ट्रिनिटी', म्हणजे त्रिमूर्ती, म्हणत तिच्यात त्या काळी लढवय्या, धर्मगुरू आणि मोहिनीविद्या जाणणारा 'एन्चँटर' असे तिघे होते. नुसते घाव घालणाऱ्याला त्या त्रिमूर्तीत स्थान नव्हते! एन्चँटरचे काम असे की, एका राक्षसाला डिवचले असता चार धावून आले तर तिघांना झोप आणून बसवावयाचे आणि एकाला मोकळे ठेवावयाचे. जोडीला बहुधा एक भिक्षू असे. तो पुढे जाऊन एखादा राक्षस ओढून आणी, आणि नको तेवढे मागे लागले तर मेल्याचे सोंग घेऊन निपचित पडे. अशी बारीक कामवाटणी नंतरच्या खेळांत राहिली नाही आणि आमच्या मते ती जाण्याने खेळाचे नुकसानच झाले.

धर्मगुरूच्या कामाचे एक उदाहरण देतो, म्हणजे त्या काळच्या शिस्तीची कल्पना येईल. पूर्ण जखम भरून काढणारा त्याचा मोठा मंत्र उच्चारावयास दहा सेकंद लागत. मोठा अजगर टँकला त्याच्या आतच लोळवू शके. तेव्हा बलाढ्य शत्रूसमोर कित्येक धर्मगुरू क्रमांक लावून उभे राहत. पहिल्याने मंत्र सुरू केला की ठरलेल्या सेकंदांनी दुसरा, मग तिसरा, अशी साखळी चाले आणि प्रत्येक जण आपली पाळी सुरू झाल्याची वर्दी लेखी देई. एकाची डुलकी म्हणजे सर्वांचा अंत. त्यातही मरण स्वस्त नव्हते. मेलेल्याचे कमावलेले अनुभवगुण घटत, आणि त्याची शस्त्रेवस्त्रे प्रेताबरोबर भुयाराच्या तळाशी राहत. ती आणण्यास उघड्या अंगाने परत जावे लागे. धर्मगुरूने पुनरुज्जीवन केले तर गमावलेल्या गुणांपैकी बरेचसे परत मिळत. अशा परिस्थितीत कोणता धर्मगुरू भरवशाचा आणि कोणता लढवय्या संकटात पळून जातो, याची ख्याती त्या सबंध जगात पसरे. नाव खराब झाले तर गट मिळेनासा होई. ही छोट्या गावाची नीती होती. तिच्यात जेवढा आधार तेवढाच जाच.

23 नोव्हेंबर 2004 रोजी 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' आले आणि ही विद्या लक्षावधी घरांत पोहोचली. गट पाचांचा झाला: एक टँक, एक हीलर, तीन डॅमेज. त्याच वर्षी निघालेल्या 'सिटी ऑफ हीरोज' या दुसऱ्या खेळाने तर एका वर्गाचे अधिकृत नावच 'टँकर' ठेवले. खेळाडूंची बोली आता कर्त्यांच्या दप्तरात दाखल झाली होती.

द्वेषाच्या यादीला येथे 'थ्रेट' म्हणत. तिचे आकडे कर्त्यांनी प्रसिद्ध केले नव्हते, म्हणून खेळाडूंनी ते प्रयोग करून शोधले. जवळून लढणाऱ्याचा थ्रेट टँकच्या 110 टक्क्यांवर गेला, किंवा दुरून मारा करणाऱ्याचा 130 टक्क्यांवर गेला, की राक्षस मान वळवितो, हे त्यांनी सिद्ध केले आणि ते मोजणारी उपकरणेही स्वतःच लिहिली. हीलरने भरलेली जखमही यादीत चढे, निम्म्या दराने आणि जाग्या असलेल्या सर्व राक्षसांमध्ये विभागून. यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. टँकने राक्षसांना नीट गुंतविण्यापूर्वीच उतावळ्या मांत्रिकाने अग्निबाण सोडला, तर तो स्वतः मार खातो. त्याला वाचविण्यासाठी हीलर मंत्र टाकतो. त्या मंत्राने बाकीचे राक्षस हीलरकडे धावतात. हीलर पडतो, आणि मग टँक. बोल मात्र लागतो तो टँकला, कारण तो सर्वांत शेवटी पडला, किंवा हीलरला, कारण तो सर्वांत आधी.

सोबत्याची भूमिका समजणे म्हणजे नेमके काय, ते येथे कळते. पाचही जण एकाच भुयारात असतात, पण पाचांना दिसणारे भुयार एक नसते. टँकला राक्षसाचे पाय दिसतात, त्याची पाठ भिंतीला असते. मागे काय चालले आहे ते त्याला कळत नाही. हीलर भुयार पाहतच नाही म्हटले तरी चालेल; त्याची दृष्टी पाच नावांसमोरच्या पाच रंगीत पट्ट्यांवर खिळलेली असते. घाव घालणाऱ्याला आपल्या घावांचे आकडे दिसतात, आणि ते मोठे दिसले की त्याला वाटते सर्व ठीक चालले आहे. जाणता टँक पुढच्या दालनात शिरण्यापूर्वी हीलरची मंत्रशक्ती किती उरली ते पाहतो. जाणता तिरंदाज दोन क्षण हात आवरतो, आणि ते दोन क्षण कोणत्याही हिशेबात त्याच्या खाती जमा होत नाहीत. ज्याने तिन्ही खुर्च्यांवर काही काळ बसून पाहिले आहे त्याला हे सांगावे लागत नाही. खजिन्यात काम केलेला अधिकारी खर्चखात्यात गेला की बिले वेगळ्या हाताने लिहितो, हा अनुभव आमच्या अनेक वाचकांस असेल.

त्या आरंभीच्या वर्षांत अन्यायही पुष्कळ झाले. चाळीस जणांच्या मोठ्या मोहिमांत 'पॅलाडिन' आणि 'ड्रुइड' या दुहेरी कसबाच्या पात्रांना बहुधा उपचाराच्या कामालाच जुंपत, मग त्यांची हौस तलवारीची असो की ढालीची. नेमणूक एका पदावर आणि काम दुसऱ्याच टेबलावर, हा प्रकार केवळ सरकारी कचेऱ्यांतच होतो असे नाही.

2005 साली एक चित्रफीत जगभर पसरली. भुयाराच्या दाराशी एक गट बसून योजना आखीत आहे. एक जण जिवंत राहण्याचा संभव 32.33 टक्के असल्याचे गंभीरपणे हिशेब करून सांगतो. इतक्यात लीरॉय जेंकिन्स नावाचा सोबती स्वतःचे नाव ओरडत आत धावतो आणि सर्वांचा नाश होतो. ती फीत ठरवून केलेली नक्कल होती. पण लोक हसले ते धावणाऱ्याला जितके, तितकेच त्या 32.33 ला, हे आम्हांस महत्त्वाचे वाटते. इतक्या लवकर भूमिकांची भाषा स्वतःची थट्टा करण्याइतकी पक्व झाली होती. त्याच वर्षी सप्टेंबरात एका भुयारातील शापरोग चुकून बाहेर शहरांत पसरला, तेव्हा उपचार जाणणारे कित्येक खेळाडू कोणी न सांगता रोग्यांकडे धावले. 2007 साली 'लॅन्सेट'च्या संसर्गरोगविषयक नियतकालिकात दोन संशोधकांनी या साथीवर निबंध लिहिला. भूमिका केवळ भुयारापुरती राहिली नव्हती.

8 डिसेंबर 2009 या दिवशी मात्र एक मोठी गोष्ट घडली. तोवर गट जमविण्यासाठी शहराच्या चौकात उभे राहून 'एक हीलर हवा' अशी हाकाटी करावी लागे. त्या दिवसापासून खेळानेच ही सोय केली. खिडकीत तीन चिन्हे: ढाल, उपचाराची अधिक खूण आणि तलवार. आपले चिन्ह निवडावे, वाट पाहावी. यंत्र निरनिराळ्या जगांतून पाच जण वेचून थेट भुयारात नेऊन सोडी. याला 'डंजन फाइंडर' म्हणतात. ज्यांना संघ नव्हता, ज्यांच्या कामाच्या वेळा अडनिड्या होत्या, ज्यांना हाकाटीचा संकोच होता, अशा असंख्यांना भुयारे प्रथमच खुली झाली. हा लाभ लहान नव्हता, आणि जुन्या खेळाडूंनी त्याकडे जो नाक मुरडून पाहण्याचा प्रघात पाडला तो आम्हांस मान्य नाही.

परंतु त्याची किंमतही होती. सोबती दुसऱ्या जगातला. अर्ध्या तासाने तो पुन्हा कधी भेटावयाचा नाही. मग ख्यातीला अर्थ काय उरला? शिव्या दिल्या तरी गावात बोभाटा नाही, मदत केली तरी कोणाच्या स्मरणात नाही. बोलणे आटले, कित्येक मोहिमा एका अक्षराविना पार पडू लागल्या. नवख्याला समजावून सांगण्याऐवजी मत टाकून त्याला गटाबाहेर काढणे सोपे झाले. परिणामी ज्या कामात चूक सर्वांना दिसते ते काम कोणी घेईना. तलवारीचे चिन्ह घेणाऱ्यांची रांग लांबली, ढालीच्या रांगेत माणूस नाही, अशी स्थिती झाली. एप्रिल 2011 मध्ये कर्त्यांनी, ज्या भूमिकेची टंचाई असेल ती पत्करणाऱ्यास जादा बक्षिसाची थैली द्यावयास सुरुवात केली. आडवळणाच्या ठाण्यांवर माणूस टिकावा म्हणून भत्ता लावतात, त्याचाच हा मासला. भत्त्याने माणूस येतो. तो शिकलेला येतोच असे नाही.

ही त्रिमूर्तीच मोडून काढावी असाही प्रयत्न झाला. 28 ऑगस्ट 2012 रोजी निघालेल्या 'गिल्ड वॉर्स 2' मध्ये प्रत्येकाला स्वतःची जखम भरता येई आणि पडलेल्या सोबत्याला कोणीही उठवू शके. कल्पना उदार होती. पण प्रत्येक जण सर्व करू शकला की कोणाला कोणाची वाट पाहावी लागत नाही, आणि भुयारात नुसता गोंधळ माजतो, अशी तक्रार लवकरच आली. 2015 च्या अखेरीस त्या खेळात मोठ्या मोहिमा सुरू झाल्या तेव्हा उपचारक आणि मार झेलणारा हे दोघेही मागल्या दाराने परत आले. कागदी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'ने तर 2008 च्या चौथ्या आवृत्तीत पात्रांच्या भूमिका रक्षक, प्रहारक, नायक आणि नियंत्रक अशा नावानिशी छापल्या होत्या. नातवाने आजोबांना धडा दिल्यासारखे ते झाले, आणि पुष्कळ जुन्या भक्तांना ते रुचले नाही.

जपानी 'फायनल फँटसी 14'ने, ऑगस्ट 2013 मधील आपल्या दुसऱ्या अवतारात, वेगळी तोड काढली. तेथे चार जणांच्या गटात एक टँक, एक हीलर, दोन डॅमेज; आठांत दोन, दोन, चार; निळा, हिरवा, तांबडा असे रंगही नेमलेले. म्हणजे खुर्च्या अधिकच घट्ट. परंतु एकच पात्र हातातील हत्यार बदलून कोणत्याही खुर्चीवर बसू शकते. शिवाय मोहीम संपल्यावर प्रत्येकाने एका सोबत्याला प्रशस्ती द्यावी अशी प्रथा घातली आहे. खुर्ची पक्की आणि माणूस मोकळा, ही व्यवस्था आम्हांस आजवरच्या सर्व प्रयोगांत शहाणपणाची वाटते.

ऑगस्ट 2019 मध्ये जुने 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' जसेच्या तसे पुन्हा सुरू झाले तेव्हा त्यात डंजन फाइंडर नव्हता, आणि लोक हौसेने पुन्हा चौकात उभे राहून टँकसाठी हाका मारू लागले. 2022 मध्ये त्या जुन्या मालिकेतील 2008-2010 चा कालखंड आला. फाइंडर याच कालखंडात निघाला होता, तरी कर्त्यांनी तो मुद्दाम वगळला. पुढल्या वर्षी, 2023 मध्ये, तो त्यांनी परत आणला. त्यानंतर काही महिन्यांनी, जानेवारी 2024 मध्ये, मूळ खेळात आणखी एक सोय झाली: एकट्याने भुयारात उतरावे आणि उरलेल्या चार जागा यंत्राने चालविलेल्या पात्रांनी भराव्यात. ही पात्रे आपली भूमिका चुकत नाहीत, घाई करीत नाहीत आणि कोणाला गटाबाहेर काढीत नाहीत. टँकचे काम शिकावयाचे आहे पण चारचौघांत शिकण्याची भीती वाटते, अशा माणसाला ढाल उचलून पाहावयास तेथे निवांत जागा मिळते.